उड्डाण सिम्युलेटरची जॉयस्टिक

उड्डाण सिम्युलेटरची जॉयस्टिक हे संगणकावरील विमानोड्डाणाच्या खेळांत विमानाचे नियंत्रण करण्यासाठी वापरले जाणारे, मुठीत धरायच्या दांडीच्या स्वरूपाचे साधन आहे. दांडी कोणत्या दिशेने व किती कलली हे संवेदकांच्या साहाय्याने मोजून संगणकाला कळवणे हे तिचे मुख्य कार्य होय. कळफलकाची कळ एक तर दाबलेली असते किंवा सुटलेली असते. विमानाला मात्र 'थोडेसे', 'अंमळ अधिक', 'पुरते' अशा साऱ्या पायऱ्या लागतात. म्हणूनच या प्रकारच्या खेळांत जॉयस्टिकला पर्याय सहजासहजी सापडत नाही.

सतत हलणाऱ्या भागांचे बनलेले असल्यामुळे हे साधन संगणकाच्या इतर उपकरणांपेक्षा लवकर झिजते. ही झीज एकाएकी दिसून येत नाही. विमान धावपट्टीकडे उतरताना किंचित डावीकडे ओढू लागते, नाक आपोआप खाली-वर होते, आणि शिकणारा विद्यार्थी कित्येक आठवडे आपल्या हातालाच दोष देत राहतो. काही जण दांडीतील दोषाशी जुळवून घेणाऱ्या चुकीच्या सवयी लावून घेतात व त्या पुढे सुटता सुटत नाहीत. त्यामुळे जॉयस्टिक निवडताना बटणांची संख्या किंवा दिव्यांची रोषणाई यांपेक्षा तिचा टिकाऊपणा कशावर अवलंबून असतो हे जाणून घेणे अधिक महत्त्वाचे ठरते.

नाव व पूर्वपीठिका

'जॉयस्टिक' हा शब्द खेळांच्या जगातून आलेला नाही. तो खऱ्याखुऱ्या वैमानिकांच्या बोलीतील असून 1910 च्या सुमारास विमानाच्या नियंत्रणदांडीसाठी वापरात आला. त्याच्या व्युत्पत्तीविषयी अनेक तर्क केले जातात. विजेवर चालणाऱ्या दोन अक्षांच्या जॉयस्टिकचे एकस्व अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील सी. बी. मिरिक यांना 1926 मध्ये मिळाले. जमिनीवर बसून उड्डाण शिकवण्याची कल्पनाही त्याच काळातली आहे. एडविन लिंक यांनी 1929 मध्ये तयार केलेल्या 'लिंक ट्रेनर' या यंत्रावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असंख्य वैमानिकांना प्रशिक्षण देण्यात आले.

घरगुती खेळांत ही दांडी अटारी कंपनीच्या 1977 मधील खेळयंत्रामुळे सर्वतोमुखी झाली. मात्र त्या दांडीत चार दिशांसाठी चार साधे स्विच होते. ती 'किती' हे सांगू शकत नसे, 'कुठे' एवढेच सांगे. 1981 मध्ये आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर 15 टोचण्यांचे जोडस्थान असलेले खेळ-कार्ड उपलब्ध झाले आणि त्यातून बदलत्या रोधाच्या साहाय्याने दांडीची नेमकी स्थिती मोजता येऊ लागली. ब्रूस आर्टविक यांनी रचलेला उड्डाणाचा खेळ 1980 च्या सुमारास ॲपल संगणकावर व 1982 मध्ये 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' या नावाने आयबीएमच्या संगणकावर आला. पुढे 'एक्स-प्लेन', 'आयएल-2 स्टुर्मोविक', 'डीसीएस वर्ल्ड' आणि विनामूल्य उपलब्ध असलेले मुक्तस्रोत 'फ्लाइटगिअर' यांनी या छंदाचा विस्तार केला. ऑगस्ट 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खेळाची नवी आवृत्ती आली, तेव्हा साथीमुळे लोक घरीच होते. त्या काळात जगभरच्या दुकानांत जॉयस्टिक मिळेनाशी झाली होती.

दांडीचे अक्ष

विमान तीन प्रकारे वळते. दांडी डावी-उजवीकडे कलवली की पंखांच्या कडेचे आयलेरॉन हलून विमान त्या बाजूला कलंडते. दांडी पुढे-मागे केली की शेपटीचे एलिव्हेटर हलून नाक खाली किंवा वर होते. तिसरी हालचाल म्हणजे नाक डावी-उजवीकडे फिरणे. ती खऱ्या विमानात पायांखालच्या पेडलांनी रडर हलवून साधली जाते. पेडल नसलेल्या घरगुती मांडणीत हे काम बहुधा मूठ पिळून केले जाते. इंजिनाचा जोर कमी-अधिक करणारा थ्रॉटल हा चौथा अक्ष असून तो तळाच्या खोक्यावरील सरकपट्टीच्या रूपाने किंवा डाव्या हातासाठी स्वतंत्र उपकरणाच्या रूपाने दिलेला असतो.

यांखेरीज बोटाने ओढायचा चाप, अंगठ्याखालची बटणे आणि आजूबाजूला पाहण्यासाठीचा, टोपीसारखा दिसणारा हॅट स्विच असतो. लढाऊ विमानांत दांडी व थ्रॉटल यांवरून हात न उचलता सर्व कामे करता यावीत अशी रचना असते. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'होटास' हा शब्द रूढ झाला असून दांडी व थ्रॉटल यांचा जोडसंच त्याच नावाने विकला जातो.

संवेदक

स्वस्त जॉयस्टिकांमध्ये दांडीची स्थिती मोजण्यासाठी पोटेन्शिओमीटर वापरतात. यात कार्बनाचा लेप असलेल्या पट्टीवरून धातूची एक लहानशी जीभ सरकते आणि ती जिथे टेकते त्यानुसार विद्युतदाब बदलतो. जुन्या रेडिओचा आवाज वाढवण्याचे बटण याच तत्त्वावर चाले. ते बटण काही वर्षांनी फिरवताना खरखर करू लागते, हा अनेकांच्या घरातला अनुभव आहे. जीभ घासून कार्बनाची पूड होते, पट्टीवर चरे पडतात, पुडीत धूळ मिसळते. रेडिओत जी खरखर ऐकू येते, तीच जॉयस्टिकमध्ये विमानाच्या थरथरीच्या रूपाने दिसते.

या झिजेचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. उड्डाणाच्या खेळात दांडी क्वचितच टोकापर्यंत जाते. बहुतांश वेळ ती मध्यबिंदूच्या आसपास, तिळातिळाने हलत असते. परिणामी पट्टीचा मधलाच भाग सर्वाधिक घासला जातो, आणि विमान उतरवताना किंवा हवेत इंधन भरून घेताना अचूकता हवी असते ती नेमकी याच भागात. दांडी टोकाला नीट चालते आहे म्हणून ती चांगली आहे असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

या हालचाली मोजल्या तर किती होतात याचा अंदाज सोप्या हिशेबाने बांधता येतो. दर मिनिटाला 30 लहान दुरुस्त्या धरल्या तर तासाला 1,800 होतात. रोज एक तास खेळणाऱ्याच्या हातून वर्षाला सुमारे साडेसहा लाख हालचाली घडतात. सामान्य कार्बन पट्टीच्या पोटेन्शिओमीटरचे आयुष्य काही हजार ते काही लाख पूर्ण फेऱ्या इतकेच सांगितले जाते. लहान हालचाल म्हणजे पूर्ण फेरी नव्हे हे खरे. परंतु त्या सर्व एकाच जागी होतात हेही तितकेच खरे. वाहक प्लॅस्टिकची पट्टी असलेले पोटेन्शिओमीटर याहून पुष्कळच टिकतात. म्हणून 'पोटेन्शिओमीटर म्हणजे टाकाऊ' हे सरसकट विधान योग्य नाही. अमेरिकेतील सीएच प्रॉडक्ट्स या जुन्या कंपनीच्या पोटेन्शिओमीटरवर चालणाऱ्या दांड्या पुष्कळ वर्षे टिकल्याबद्दल ख्यातनाम आहेत.

दुसरा प्रकार चुंबकीय संवेदकांचा. विद्युतप्रवाह वाहत असलेल्या पट्टीला चुंबकीय क्षेत्रात ठेवले की तिच्या दोन कडांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो, हे एडविन हॉल या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने 1879 मध्ये शोधून काढले. हा हॉल परिणाम होय. जॉयस्टिकमध्ये दांडीबरोबर एक छोटा चुंबक फिरतो आणि जवळच बसवलेला संवेदक त्याच्या क्षेत्रातील बदल मोजतो. दोहोंचा स्पर्शच होत नसल्यामुळे घासून झिजण्यासारखे काही उरत नाही. चुंबकीय रोधाच्या बदलावर चालणारे अन्य संवेदकही याच स्पर्शरहित गटात मोडतात.

चुंबकीय संवेदक निर्दोष असतात असे मात्र नाही. चुंबक डिंकाने चिकटवलेला असेल तर तो सैल होऊन मध्यबिंदू सरकू शकतो, आणि बैठकीला लागून मोठा ध्वनिवर्धक ठेवल्यास त्याच्या चुंबकाचा उपद्रव होऊ शकतो. सर्वांत मोठी अडचण खोक्यावरील मजकुराची आहे. 'हॉल संवेदक' असे ठळक छापलेल्या काही जॉयस्टिकांमध्ये फक्त दोन मुख्य अक्षांना चुंबकीय संवेदक असतात. मूठ पिळण्याच्या अक्षाला व थ्रॉटलच्या सरकपट्टीला साधे पोटेन्शिओमीटरच असतात. थ्रस्टमास्टर कंपनीची टी.16000एम ही याचे परिचित उदाहरण होय. तिचे मुख्य अक्ष वर्षानुवर्षे उत्तम चालतात, पण मूठ पिळण्याचा अक्ष त्यामानाने लवकर थरथरू लागतो.

सांधा, स्प्रिंग व बैठक

संवेदक कितीही चांगला असला तरी तो जे मोजतो तो सांधाच ढिला असेल तर त्याचा उपयोग नाही. विकत घेणाऱ्यांचे लक्ष संवेदकावर जाते आणि सांध्याकडे दुर्लक्ष होते, असे सर्रास आढळते.

स्वस्त व मध्यम किमतीच्या दांड्यांमध्ये वाटी व गोळा या पद्धतीचा प्लॅस्टिकचा सांधा असतो. त्याभोवती एकच मोठी स्प्रिंग असून ती एका चकतीला खाली दाबून दांडी मध्यभागी आणते. ही रचना साधी व स्वस्त आहे; परंतु चकती प्लॅस्टिकवर घासत असल्याने वंगण सुकले की दांडी अडखळत चालते. अडखळणारी दांडी हलवण्यासाठी आधी जोर लावावा लागतो आणि मग ती एकदम हवी त्यापेक्षा पुढे जाते. शिवाय एकच स्प्रिंग दोन्ही अक्षांना ओढत असल्यामुळे नाक वर उचलताना विमान नकळत कलंडते.

महाग दांड्यांमध्ये दोन्ही अक्षांसाठी स्वतंत्र धुरा, त्यांना गोळ्यांची बेअरिंग आणि प्रत्येक अक्षाला वेगळी स्प्रिंग असते. स्प्रिंग एका उंचवट्याच्या चकतीवर, म्हणजे कॅमवर, चाक दाबून धरते. कॅमच्या मध्यभागी खोबण असेल तर मध्यबिंदू हाताला स्पष्ट जाणवतो. खोबण नसलेला कॅम बसवला तर दांडी मध्यातून विनासायास सरकते. व्हीकेबी, व्हर्पिल व विनविंग या कंपन्यांच्या वरच्या श्रेणीतील बैठकींत कॅम व स्प्रिंगा ग्राहकाला स्वतः बदलता येतात. टिकाऊपणाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की स्प्रिंग मऊ पडली तर सबंध साधन टाकून द्यावे लागत नाही.

बाहेरून धातूची दिसणारी मूठ म्हणजे आतला सांधाही धातूचाच, असे समजणे धोक्याचे आहे. थ्रस्टमास्टरची 2010 मध्ये आलेली होटास वॉर्टहॉग ही ए-10 या अमेरिकी लढाऊ विमानाच्या मुठीची धातूची प्रतिकृती म्हणून नावाजली गेली, तिचे संवेदकही चुंबकीय आहेत. तरी तिच्या मूळ बैठकीतील सांध्यात प्लॅस्टिकचे भाग आहेत. पुष्कळ वापरणारे तीच मूठ ठेवून बैठक तेवढी दुसऱ्या कंपनीची बसवतात.

दांडीची लांबी वाढवणाऱ्या नळ्या मिळतात. लांब दांडीमुळे हाताची हालचाल मोठी व म्हणून अधिक नियंत्रित होते, हे खरे आहे. पण तरफेचा नियम येथेही लागू पडतो. 20 सेंटिमीटर उंचीवर एक किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला तर सांध्यावर जो पीळ पडतो, त्याच्या दुप्पट पीळ 40 सेंटिमीटर उंचीवर तेवढ्याच जोराने पडतो. प्लॅस्टिकच्या सांध्याला अशी नळी जोडू नये. बैठकही टेबलाला स्क्रूने किंवा शिकंज्याने घट्ट बसवलेली असावी. हलक्या बैठकीची दांडी ओढताना ती उचलली जाते, आणि डाव्या हाताने बैठक दाबून धरण्याची पाळी येते.

मूठ पिळण्याचा अक्ष

जॉयस्टिकमधला सर्वांत नाजूक भाग बहुधा हाच असतो. मुठीच्या आत जागा थोडी, तिथेच चापाच्या व बटणांच्या तारा जातात, आणि प्रत्येक पिळण्याबरोबर त्या तारांनाही पीळ बसतो. चिडलेल्या खेळाडूच्या मनगटाचा सारा जोर या लहानशा यंत्रणेवर पडतो. तारांपैकी एखादी आतल्या आत तुटली की अमुक कोनात बटण चालते व तमुक कोनात चालत नाही, असे कोड्यात टाकणारे दोष उद्भवतात.

याला दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे पायांची पेडल वेगळी घेणे व मूठ पिळण्याची सोयच टाळणे. वॉर्टहॉगसारख्या दांड्यांत ती मुळातच नसते. पेडलांसाठी खर्च होतो, जागाही लागते, पण दांडीचे आयुष्य वाढते आणि खऱ्या विमानातील सवय लागते. दुसरा म्हणजे या अक्षालाही स्पर्शरहित संवेदक असलेली दांडी निवडणे. व्हीकेबीच्या ग्लॅडिएटर या मालिकेत तशी सोय असून पेडल वापरणाऱ्याला मुठीचे पिळणे बंद करून टाकता येते. पायांनी पेडल चालवणे शक्य नसलेल्या व्यक्तींसाठी पिळणारी मूठ ही चैन नसून उड्डाणाचा एकमेव मार्ग असते. त्यांनी तर या अक्षाचा संवेदक कोणता हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे.

बटणे, वायर आणि मुठीवरील लेप

बटणांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. खट्कन आवाज करणारे सूक्ष्म स्विच रबरी पडद्याच्या बटणांपेक्षा सामान्यतः बरे टिकतात, व बाहेर काढून बदलताही येतात. चाप हे सर्वाधिक वापरले जाणारे बटण असल्याने त्याची बिजागरी धातूच्या खिळीची आहे की प्लॅस्टिकच्या खुंटीची, एवढे पाहावे. वायर बैठकीतून जिथे बाहेर पडते तिथे रबरी नळीचा आधार असावा. वायर काढून बदलता येण्याजोगी असेल तर उत्तम.

मुठीवरील मऊ रबरासारखा लेप दुकानात हाताला सुखद वाटतो. हा लेप पुष्कळदा पॉलियुरेथेन जातीचा असतो आणि हवेतील बाष्पाने त्याचे हळूहळू विघटन होऊन काही वर्षांत तो चिकट होतो. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या दमट हवेत राहणाऱ्यांना जुन्या कॅमेऱ्यांच्या व छत्र्यांच्या मुठींवरून हा प्रकार ठाऊक असतो. साध्या, किंचित खडबडीत प्लॅस्टिकची मूठ दिसायला गरीब असली तरी अशा हवामानात तीच अधिक काळ टिकते. कोरड्या प्रदेशात धुळीचा प्रश्न मोठा असतो. दांडीच्या मुळाशी घडीदार रबरी पडदा असेल, तर धूळ सांध्यात उतरत नाही.

अचूकतेचे आकडे

जाहिरातींत '16 बिट अचूकता' असे शब्द वारंवार दिसतात. त्यांचा अर्थ असा, की दांडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या प्रवासाचे 65,536 भाग केले आहेत. 8 बिटांत 256, 10 बिटांत 1,024 व 12 बिटांत 4,096 भाग होतात. दांडीचा एकूण झुकाव 40 अंश व उंची 20 सेंटिमीटर धरली, तर 8 बिटांच्या दांडीत एका भागासाठी वरचे टोक सुमारे अर्धा मिलिमीटर हलवावे लागते. 10 बिटांत हे अंतर साधारण 0.14 मिलिमीटर आणि 12 बिटांत 0.03 मिलिमीटर इतके येते. 16 बिटांत ते 0.002 मिलिमीटरवर जाते. माणसाचा हात इतका सूक्ष्म हलू शकत नाही, आणि सांध्यातील ढिलेपणा याच्या कितीतरी पट असतो. 8 बिट निश्चितच अपुरे आहेत. 12 बिटांच्या पुढचा आकडा मात्र किंमत वाढवायला उपयोगी पडतो, विमान चालवायला नव्हे.

झिजलेल्या दांडीवर सॉफ्टवेअरमधील डेडझोन हा तात्पुरता उतारा असतो. त्यात मध्यबिंदूभोवतीच्या छोट्या पट्ट्यातील हालचाल संगणक विचारात घेत नाही. थरथर लपते खरी, परंतु त्याबरोबर हाताची खरी सूक्ष्म हालचालही गिळली जाते. नव्या दांडीला मोठा डेडझोन द्यावा लागत असेल, तर ती परत करणेच योग्य.

कोणत्या विमानासाठी कोणती दांडी

सर्वच विमानांत दांडी नसते. सेसना 172 सारख्या लहान विमानांत आणि बोइंगच्या 737, 777, 787 या प्रवासी विमानांत समोर अर्ध्या सुकाणूसारखे योक असते. एअरबस कंपनीने 1988 मध्ये सेवेत आलेल्या ए320 या विमानापासून बाजूला बसवलेली छोटी दांडी स्वीकारली. तिथे डाव्या आसनावरील मुख्य वैमानिक डाव्या हाताने दांडी धरतो. त्यामुळे ए320 उडवू पाहणाऱ्याने, तसेच डावखुऱ्यांनी, दोन्ही हातांना चालणारी मूठ पाहावी, टी.16000एम मध्ये मुठीचे भाग बदलून ती डाव्या हाताची करता येते आणि त्याच कंपनीची एअरबसच्या धर्तीवरील दांडीही मिळते.

1974 मध्ये प्रथम उडालेल्या एफ-16 या लढाऊ विमानाची दांडी उजव्या बाजूला असून ती जवळजवळ हलतच नाही. हाताचा दाब मोजते. आरंभी ती पूर्ण स्थिर होती. वैमानिकांना हाताला काहीच जाणवेना, म्हणून पुढे तिला अगदी थोडी हालचाल देण्यात आली. हेलिकॉप्टरच्या दांडीचा मामला उलट आहे. ती मध्यभागी परत न येता हात सोडला तिथेच राहावी लागते. त्यासाठी स्प्रिंग काढून घर्षणपट्टीने दांडी धरून ठेवण्याची सोय असलेली बैठक लागते.

दांडीत मोटार बसवून हवेचा दाब हाताला जाणवून देणाऱ्या प्रकाराला फोर्स फीडबॅक म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या साइडवाइंडर मालिकेतील अशा दांड्या एकेकाळी लोकप्रिय होत्या. अलीकडे मोझा व अन्य काही कंपन्यांनी हा प्रकार पुन्हा आणला आहे. वेग मंदावून विमान कोसळू लागते तेव्हा दांडी खरोखरच सैल पडते, हा अनुभव अन्यथा मिळत नाही. पण मोटार, पट्टे व स्वतंत्र वीजपुरवठा यांमुळे बिघडण्याच्या जागाही वाढतात.

घरगुती सिम्युलेटरवर काढलेले तास भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या वैमानिक परवान्यासाठी मोजले जात नाहीत. तरीही वैमानिक होऊ इच्छिणारे अनेक विद्यार्थी उपकरणे वाचण्याचा व कार्यपद्धती पाठ करण्याचा सराव त्यावर करतात. त्यासाठी मध्यम किमतीची, मध्यबिंदू स्थिर असलेली दांडी पुरेशी होते.

खरेदीपूर्वीची पारख

अगदी प्रथमच हा छंद करून पाहणाऱ्याने लॉजिटेकच्या एक्स्ट्रीम 3डी प्रो सारखी, वीस वर्षांहून अधिक काळ बाजारात असलेली स्वस्त दांडी घेणे गैर नाही. ती फार टिकण्यासाठी बनलेली नाही, हे मनाशी धरावे. छंद टिकणार असे वाटत असेल, तर एकामागून एक दोन स्वस्त दांड्या घेण्याऐवजी थोडे थांबून एकच स्पर्शरहित संवेदकांची घेणे अंती स्वस्त पडते. विशेष कंपन्यांच्या दांड्या भारतात बरेचदा परदेशातून मागवाव्या लागतात. वाहतूक व सीमाशुल्क यांनी किंमत वाढते, आणि दुरुस्तीसाठी तीच वाट उलटी चालावी लागते. म्हणून हमीचा कालावधी किती यापेक्षा हमी कोठे मिळणार हे आधी विचारावे, आणि सुटे भाग वेगळे विकले जातात का तेही पाहावे.

दांडी हातात आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी काही साध्या चाचण्या कराव्यात. विंडोज प्रणालीत खेळ-नियंत्रकांच्या खिडकीत चौकटीतील फुलीच्या रूपाने, तर लिनक्समध्ये जेएसटेस्ट या आज्ञेने आकड्यांच्या रूपाने दांडीची स्थिती दिसते. दांडीला हात न लावता मिनिटभर पाहावे. फुली जागची हलता कामा नये. मग दांडी पुढे ढकलून अलगद परत आणावी व सोडावी, तसेच मागून, डावीकडून व उजवीकडून करावे. चारही वेळा फुली एकाच ठिकाणी येऊन थांबली तर सांधा घट्ट आहे. शेवटी दांडी अत्यंत सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे न्यावी. फुली मध्येच उडी मारत असेल तर संवेदकात दोष आहे, अडखळत असेल तर सांध्यात. हात मधूनच सोडून दांडी टोकावरून आपटू देणे ही चाचणी नव्हे. त्याने स्प्रिंग व थांब्यांचे नुकसानच होते.

देखभाल

वापर नसताना दांडीवर कापड टाकून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. खरखरणाऱ्या पोटेन्शिओमीटरमध्ये विद्युत जोडांसाठीचा सफाई-फवारा मारून दांडी काही वेळा पूर्ण फिरवल्यास दोष बरेचदा कमी होतो. पट्टीवर चरा पडला असेल तर मात्र तो परत येतो आणि भाग बदलावाच लागतो. हा भाग इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळू शकतो. त्यावर छापलेले रोधाचे मूल्य व दांड्याची लांबी जुळवून घ्यावी.

सांध्याला प्लॅस्टिकला चालणारे सिलिकॉनयुक्त घट्ट वंगण लावावे. शिवणयंत्राचे किंवा सायकलचे तेल वापरू नये: काही प्लॅस्टिकांना त्याने सूक्ष्म तडे जातात, आणि पातळ तेल ओघळून संवेदकापर्यंत पोहोचते. खोके उघडण्यापूर्वी वायर संगणकातून काढावी व तारांच्या जागांचे छायाचित्र घेऊन ठेवावे. हमी शिल्लक असताना खोके उघडल्यास ती बहुधा रद्द होते.

जुनी दांडी विकत घेताना

वापरलेली जॉयस्टिक घेण्यात वावगे काही नाही. उलट चुंबकीय संवेदकांची जुनी दांडी पोटेन्शिओमीटरच्या नव्या दांडीपेक्षा सरस ठरू शकते. विकणाऱ्यासमोरच वरील चाचण्या कराव्यात, मूठ दोन्ही बाजूंना पिळून प्रत्येक बटण दाबून पाहावे, आणि बैठक हलवून आत तुटलेला तुकडा खुळखुळत नाही ना ते ऐकावे. विकणाऱ्याने फुली स्थिर ठेवण्यासाठी मोठा डेडझोन लावलेला नाही याची खात्री करावी.

जोडस्थान यूएसबी आहे का हेही पाहणे आवश्यक असते. 15 टोचण्यांच्या जुन्या जोडस्थानाला विंडोजने व्हिस्टा या आवृत्तीपासून आधार देणे बंद केले, आणि यांत्रिकदृष्ट्या धडधाकट असलेल्या असंख्य दांड्या एका रात्रीत निरुपयोगी झाल्या. अशा दांड्यांसाठी यूएसबीत रूपांतर करणारे छोटे जोडक मिळतात. ते साध्या रोधावर चालणाऱ्या दांड्यांना उपयोगी पडतात. स्वतःची अंकीय संदेशपद्धती वापरणाऱ्या, उदाहरणार्थ साइडवाइंडर मालिकेतील जुन्या दांड्यांना, ते बहुतेक वेळा लागू पडत नाहीत.